पाकिटावरच्या शेऱ्याची दुरुस्ती

मी, खाली सही करणारा, वय एकोणपन्नास, धंदा जुन्या नाण्यांची पारख, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या अक्षरात, कोणी कोपराने ढोसत नसताना लिहीत आहे. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. गिऱ्हाइकाला वाईट बातमी देण्याआधी मीही असेच म्हणतो.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नीला मिळावी. घर ठेवायचे की विकायचे हे तिने ठरवावे. तिच्या भावांनी सल्ला देऊ नये. घरातले कुठलेही नाणे पुसायचे नाही हा माझा नियम तिने सव्वीस वर्षे पाळला. "लोकांकडे चांदी चमकते, आपल्याकडे रुसून बसते," असे ती म्हणे, पण फडके कधी लावले नाही.

२. दुकान, भिंगे, तराजू व नोंदवह्या मुलीला. तिला एवढेच सांगणे: नाणे हाती आले की ट्यूब बंद करावी, एकच दिवा ठेवावा, नाणे कडेने धरून सावकाश कलते करावे. मूळ झळाळी शाबूत असेल तर उजेडाची पट्टी नाण्यावरून गोल फिरते. घासलेल्यावर ती जागच्या जागी पडून राहते. झीज नाण्याच्या वयाची असते, तिची लाज नसते. घासलेल्याला मात्र पावच किंमत येते. आणि नाणे कोणाचे, हे पारख झाल्यावर विचारावे. आधी विचारू नये.

३. समोरच्या गल्लीतले व्यापारी, ज्यांना बाजार 'चकाकीशेठ' म्हणतो, त्यांना माझ्या संग्रहातले काही विकू नये. हा माणूस संधी मिळाली तर चंद्रही आम्लात बुडवून काढील. बाकी त्यांच्याशी माझे वैर नाही. असलेच तर ते इथे संपले.

४. आता धाकट्या बहिणीविषयी. या कलमासाठीच कागद घेऊन बसलो.

आपल्या माणसाचे नाणे आले की त्याची प्रत एक पायरी खाली लिहायची, ही माझी खोड. कोणी पक्षपात म्हणू नये म्हणून. लोक म्हणत, "हा सख्ख्या भावालाही सोडणार नाही." मला ते ऐकायला गोड लागे.

अकरा वर्षांपूर्वी ती आईने दिलेले चांदीचे मोठे नाणे घेऊन दुकानात आली. भाचीला परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला घालायचे होते. दुकानात तीन गिऱ्हाइके होती. नाणे इतके तेजस्वी होते की मी म्हणालो, "घासलंस ना?"

"नाही रे दादा. आईनं बांधलेलं फडकंसुद्धा आज सोडलं."

"सगळे असंच म्हणतात."

"मी सगळ्यांतली आहे होय?"

मी ट्यूब बंद केली नाही. नाणे कलते केले नाही. नाणे ठेवायच्या कागदी पाकिटावर 'साफ केलेले' असे लिहून सही ठोकली. गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. ती म्हणाली, "दादा, किंमत कमी सांग, चालेल. खोटारडी नको म्हणूस." मी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलो.

माझ्या सहीपुढे दुसरा कोण काय बोलणार? ते नाणे पाव किमतीत गेले. भाचीचा प्रवेश हुकला. ती आज कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसते. बहीण माझ्या उंबऱ्यावर पुन्हा आली नाही.

पाच वर्षांपूर्वी एका मयत संग्राहकाची नाणी मी एकगठ्ठा घेतली. त्यात माझ्याच अक्षरातले ते पाकीट निघाले. दुकान बंद करून एकच दिवा लावला. उजेडाची पट्टी नाण्यावरून अशी फिरली, जशी कालच टांकसाळीतून आलेल्या नाण्यावरून फिरावी. कुणीही ते घासलेले नव्हते.

पाच वर्षे मी गप्प आहे. रोज सकाळी देवापुढे कबूल करतो. ते सोपे आहे, देव उलटून विचारत नाही. बहीण विचारील.

म्हणून ते नाणे बहिणीला द्यावे. पाकीट फाडू नये; जुन्या शेऱ्याखाली मी लिहिले आहे: 'मूळ झळाळी पूर्ण. कधीही साफ केलेले नाही. आधीचा शेरा न पाहता लिहिला होता.' आजच्या किमतीचा आकडा मी लिहिलेला नाही. त्या आकड्याने भाचीचे ते वर्ष परत येत नाही.

५. हे चौथे कलम दुकानात, भर दुपारी, गिऱ्हाइके हजर असताना मुलीने मोठ्याने वाचावे. अपमान चारचौघांत झाला, माफीही तशीच व्हावी.

शेजारच्या शिंप्याने हे वाचून विचारले, "शस्त्रक्रिया नीट झाली तर?"

मी म्हणालो, "तर मी स्वतः वाचीन."

"बुधवारीच वाचा की मग."

मी कागद त्याच्यापुढे सरकवला. तो म्हणाला, "बरं, आणा सही करतो." मी त्याला थांबवून पुढचे लिहिले.

६. उद्या, बुधवारी, मी नाणे घेऊन बहिणीच्या घरी जात आहे. तिने दार उघडले नाही, तर चौथे व पाचवे कलम लागू राहील. उघडले, तर माझ्या शेऱ्याखाली तिने स्वतःचा शेरा लिहावा, नाण्यावर किंवा माझ्यावर. आणि तोच अखेरचा धरावा.

साक्षीदार:
शेजारचा शिंपी (सही)
औषधांच्या दुकानाचे मालक (सही)

स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: १२ मार्च, मंगळवार
मृत्युपत्र करणार: (सही)