बाबांनी न मागितलेली माफी

ती. चिशिंबा काका,

झेलिपाचा गुडघे टेकून, हलकेच टाळ्या वाजवून नमस्कार. काकू, नातवंडं आणि तुमचा दुखरा गुडघा, सगळे ठीक असावेत. या महिन्यात माकड मिळालं का, की सुक्या मासळीवरच भागवलंत? (एवढं विचारलं नाही आणि पत्र बाबांच्या हाती लागलं, तर ते फाडतील. आम्ही अंगोनी जमातीचे, तुम्ही बेंबा. आपल्या पणजोबांनी एकमेकांवर भाले फेकले, आपण टोमणे फेकतो. हाडं तरी शाबूत राहतात.)

बाबांचा खोकला हटत नाही. चिपाटाच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि बाबांना बाहेर बसवून माझ्याशी बोलले, त्यावरून काय ते समजा. पण घरी स्वस्थ पडतील तर ते बाबा कसले? मी नदीकाठच्या ज्या सफारी कॅम्पवर स्वयंपाक बघते, तिथे परवा परदेशी पाहुणे आले. त्यांना देशाची ओळख करून देणारा माणूस वाटेत हत्ती उभे म्हणून पलीकडेच अडकला. बाबा मला भेटायला आले होते. (मला म्हणजे माझ्या हातच्या मक्याच्या न्सिमाला आणि भाजलेल्या कोंबडीला.) जुना वाटाड्या आयता सापडला म्हणून मालकीणबाईंनी त्यांनाच उभं केलं.

सुरुवात फार छान केली हो. म्हणाले, आमच्या देशाला समुद्र नाही. सत्तरएक जमाती आणि चारी बाजूंना शेजारी. भांडून होडीत बसायचं म्हटलं तर जायचं कुठे? म्हणून आम्ही थट्टेची नाती जोडली. पाहुणे माना डोलवायला लागले. प्राण्यांचा भाग मात्र त्यांनी लगेच उरकला. हत्ती आमचा मका खातो, पाणघोडा कोबी खातो, यांचं कौतुक तुम्ही करा, आमच्याकडून होणार नाही, असं म्हणून ते माणसांवर आले. माणसं म्हणजे कोण? तुम्ही. बेंबा आळशी, बेंबा चोर, झाडावर एक माकड शिल्लक ठेवत नाहीत, असं चालूच. वर आजोबांच्या मयतीचं सांगितलं. आजोबांसाठी खणलेल्या खड्ड्यात तुम्हीच आडवे झालात आणि कोंबडी कबूल करून घेतल्याशिवाय उठला नाहीत, ते. त्या दिवशी रडणारी आजी हसली, हे सांगायच्या आतच एक पाहुणीबाई लाल होऊन उठून गेली.

तक्रार झाली. हा म्हातारा जमातींमध्ये द्वेष पसरवतो म्हणे. मालकीणबाई बाबांना म्हणाल्या, माफी मागा. बाबांनी शांतपणे विचारलं, "कोणाची? इथे एक तरी बेंबा आहे का? माफी मागायची ती चिशिंबाची. आणि त्याच्यापुढे मी मेलो तरी मागणार नाही."

आम्ही स्वयंपाकघरात पोट धरून हसलो. पण काका, खरं सांगू? मला फार वाईट वाटलं. बोलताना ते दर टोमण्यानंतर थोडं थांबत होते. लोकांना वाटलं धाप लागली. ते तुमच्या उत्तरासाठी थांबत होते. टोमण्याला उलट टोमणा आला नाही तर तो नुसता अपमानच ना? त्या पाहुणीबाईचं तरी काय चुकलं?

त्या दिवसापासून ते फारसं बोलत नाहीत. अंगणात शेकोटीजवळ बसतात, पण कोणाची खोडी काढत नाहीत. बाकी सर्व क्षेम.

तुमची (तुमच्या भाषेत, उंदीर खाणाऱ्या अंगोनींच्या घरची) झेलिपा

ता. क. मालकीणबाईंनी बाबांच्या वतीने तुमच्या जमातीला माफीपत्र लिहायला सांगितलं होतं. हेच ते. मिळाल्याचं कळवा.

आणखी एक. पत्र लिहितेय हे बाबांना कळलं. म्हणाले, मयतीला तो येईलच, बेंबाला त्यासाठी बोलवावं लागत नाही. मग बराच वेळ खोकले आणि म्हणाले, "पण त्या दिवशी तो एकटाच बोलेल. त्याला लिही, मला उलट बोलता येतंय तोवर ये."