धाकटीले मोटर लागते

अमरावती, वैशाख १९६१

वच्छला पोरी,

सोमवारी दोन्ही नातवंडाइले घेऊन मोटरीनं अकोल्याले येतो. माहा पोरगा गेल्यावर तुहा पाट मीच लावून देल्ला. तुह्या नव्या घरी लेकरं चालत नाहीत, म्हून त्याइले माय मेली असंच सांगतलं हाय. जुन्या शहरात तुह्या गल्लीतून नेतो त्याइले. ओट्यावर उभी राह्यजो, आवाज देऊ नको.

पन हे पत्र तुह्या घरच्याइच्या हाती पडंन. म्हून पेटीत टाकत नाही.

धाकटीले मोटर लागते, म्हून तुह्यासाठी बांधत होतो तसंच लिंबू बांधून घेतलं. काल तिनं इचारलं, "आबा, मी कोनावर गेली?"

मी मनलं, "माह्यावर."

मले त जल्मात कधी मोटर लागली नाही, पोरी.

लेकराइचा आबा,
खुशालराव