एक नंबर

नावडे कॉलनी
ता. १० नोव्हेंबर २०२५

ती. गोजराक्कास,
धाकट्या वैजूचा शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोन ह्यांच्या खिशात असतो. घरी आल्यावर देतात, तर सासूबाई स्पीकर लावायला सांगतात. मग मी काय बोलणार, पोरगी बरी, दूध येतंय, ठेवते. हे पत्र वरच्या मजल्यावरच्या मालतीबाई टाकणार आहेत. उत्तर त्यांच्याच पत्त्यावर धाड.

पोरगी मैत्री दोन महिन्यांची झाली. तुझ्यावर गेलीय, नाक सोडून. तेवढं देवानं वाचवलं.

अक्का, मला भीती वाटते. पोरीला घेऊन गॅलरीत गेले की हात सुटतील असं वाटतं. सुटत नाहीत, पण वाटतं. चौथा मजला आहे. म्हणून मी तिकडं जातच नाही, तर सासूबाई म्हणतात, कपडेपण मीच काढायचे का. खरं सांगितलं तर वेडी म्हणून माहेरी धाडतील आणि पोरगी ठेवून घेतील.

दवाखान्यातून दर सोमवारी ह्यांच्या फोनवर मेसेज येतो, बाळंतिणीचं मन कसं आहे, आकडा पाठवा. हे मला विचारत नाहीत. गेल्या सोमवारी जेवताना हसून म्हणाले, आमची बायको एक नंबर, आणि एक दाबून पाठवला. आजपण तेच. मी ताटं उचलली.

कुणाला बोलू नको. माया आहे तेवढी राहू दे.
तुझी वैजू


ता. १६ नोव्हेंबर

चि. सौ. वैजूस,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र चारदा वाचलं. तुझं नाव न घेता इथल्या आशाताईंना विचारलं. त्यांनी तसलाच मेसेज दाखवला. वैजू, त्यात पाच म्हणजे चांगलं आणि एक म्हणजे लय वाईट. कृष्णातरावांनी खालची ओळ वाचलीच नाही. त्यांना चूक सांगू नको. लागोपाठ तीन सोमवार एक गेला की दवाखान्यातून माणूस घरी येतं, असं ताई म्हणाल्या.

तू वेडी नाहीस. माझा शिवराम झाला तेव्हा मी विळी माळ्यावर टाकली होती. दोन महिने भाजी हातानं तोडली. आईला वाटलं, आळशी झाली. मी कुणाला बोलले नाही, आज तुला बोलते.

तोवर पोरीला घेऊन खाली चटईवर बस. मालतीबाईंना खरं सांग. आणि माझ्या नाकाला नावं ठेवायला अंगात दम आहे म्हणजे तू टिकशील.
तुझ्या वाटेकडे डोळे लावलेली,
अक्का


नावडे कॉलनी
ता. २ डिसेंबर

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

माणूस आलं. गेल्या मंगळवारी मनस्वी सिस्टर आल्या. ह्यांची सुट्टी होती. हे हसायला लागले, म्हणाले, अहो मी एक नंबर म्हणून एक टाकला, पाच करून टाका. सिस्टर म्हणाल्या, त्यांना सांगू दे. सासूबाई म्हणाल्या, बोल की, बरी आहेस ना.

मी एक बोट वर केलं. सासूबाई खूश, बघा, तीपण म्हणते एक नंबर. मग सिस्टरांनी फोनवरची खालची ओळ मोठ्यानं वाचली. कुणी हसलं नाही. मी बोट खाली घेतलं नाही.

मी गॅलरीत का जात नव्हते ते सासूबाईंना कळलं. आता गॅलरीला कुलूप आहे, किल्ली सासूबाईंच्या कमरेला. मैत्री त्यांच्याजवळ झोपते. भूक लागली की आणून देतात आणि समोर बसून राहतात. मला ज्याची भीती होती त्यातलं अर्धं झालं.

पण शुक्रवारी मालतीबाईंच्या घरी दार लावून दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई फोनवर बोलल्या, तोंड दिसत होतं. स्पीकर नव्हता, कानात वायर होती. हात सुटायचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, असं पुष्कळ जणींना होतं, पोरगी तुमचीच राहणार. गोळी दिलीय. दर शुक्रवारी बोलायचं.

काल मेसेज आला. हे म्हणाले, आता तरी पाच टाकू ना. मी म्हटलं, फोन इकडे द्या. दोन दाबला. दोनच का, म्हणाले. मी म्हटलं, एकानं वाढलाय.

दोनाला दोन म्हणणाऱ्या बहिणीवर लोभ ठेव.
तुझी वैजू