संकल्पना स्पष्ट

प्रिय पोरी,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू ते न फोडताच फेकून देशील, या भीतीने पत्ता आमच्या कारकुनाकडून लिहून घेतला. आत मात्र मीच आहे, नर्सिंगच्या शाळेत तुम्हाला औषधाच्या मात्रेचं गणित शिकवणारी तुझी बाई.

इकडे नवी तुकडी आली आहे, चाळीस मुली. प्रात्यक्षिकाच्या खोलीतला तो रबरी पुतळा आठवतो? त्याचा डावा हात अखेर खांद्यातून निखळला, आता एका हातावरच सगळ्यांचं शिकणं चालू आहे. तू त्याला ‘मामा’ म्हणायचीस आणि सुई टोचण्याआधी ‘मामा, जरा दुखेल हं’ असं सांगायचीस. बाकीच्या खिदळायच्या. मी मात्र मनात म्हटलं होतं, ही पोरगी जातीची नर्स आहे. कपाळाला हात लावून तू ताप सांगायचीस आणि थर्मामीटर मागाहून तुझीच री ओढायचा. जी शीर कुणाला सापडायची नाही ती तुझ्या बोटाला सापडायची. तुला जे कळायचं ते बोटांतून, कानांतून, डोळ्यांतून कळायचं. कागदावरून नाही.

माझं नेमकं उलटं. लहानपणी आमच्या घरी मी हुशार आणि माझा थोरला भाऊ ढ, असं ठरलेलं होतं. मला सूत्र सांगितलं की ते डोक्यात जाऊन बसायचं, चित्रबित्र लागायचं नाही. दादाला प्रत्येक गोष्ट हातात घेऊन बघायची असायची. ‘पण असं का?’ विचारलं की वडिलांचा हात उठायचा, आणि मी शेजारी बसून उत्तर घडाघडा म्हणून दाखवायची. तो रंगारी झाला. मी बाई झाले, आणि समोर बसलेल्या प्रत्येक मुलीचं डोकं माझ्यासारखंच चालतं असं धरून एकोणतीस वर्षं फळा भरत राहिले.

त्या दिवशी मी तुम्हाला औषधाची तीव्रता शिकवत होते. दोन मिलिग्रॅम दर मिलिलिटर, म्हणजे काय. मी फळ्यावर भागाकार मांडला आणि विचारलं, कळलं का? चाळीस माना हलल्या. तू एकटी उभी राहिलीस. ‘बाई, ग्लासभर साखरपाण्यातून चमचाभर काढलं, तर ते चमच्यातलं कमी गोड लागेल ना?’ तास संपायला चार मिनिटं होती आणि माझा अर्धा धडा उरला होता. मी म्हटलं, ‘घरी जाऊन चाखून बघ हो, म्हणजे कळेल.’ वर्ग हसला. अगं, उत्तर तेच होतं! चाखूनच बघायचं होतं, तिथंच, त्याच तासाला. पण मी ते टोमणा म्हणून बोलले. त्या दिवसापासून मुली तुला ‘चमचा’ म्हणायला लागल्या, हे मला ठाऊक होतं. तू त्यानंतर माझ्या तासाला एकही प्रश्न विचारला नाहीस, हेही मला ठाऊक होतं. मला वाटलं, चला, आली ताळ्यावर.

मग तू मात्रेच्या सूत्राच्या पाठांतराला लागलीस. ‘हवं ते वर, आहे ते खाली’, जिन्यात, जेवणाच्या रांगेत, कपडे वाळत घालताना तुझे ओठ हलत असायचे. लेखी परीक्षेत पन्नासपैकी सेहेचाळीस पडले. तोंडी परीक्षेला मी तुला नेहमीचं गणित घातलं, तू पटकन सोडवलंस. मग उगाच वाटलं म्हणून मी विचारलं, ‘बाटली दुसरी आली, तीव्रता वेगळी असली, तर?’ तू माझ्याकडे पाहत राहिलीस. पोरी, ती नजर मी रोज बघते. आत काहीच नव्हतं, नुसतं सूत्र होतं आणि त्याच्याखाली पोकळी. मला त्याच क्षणी समजलं की हिला यातलं अक्षर कळलेलं नाही. त्या वर्षी शंभर टक्के निकाल लावायचा असं वरून सांगून ठेवलेलं होतं. मी प्रश्न बदलून पुन्हा पहिल्यासारखा केला. तू उत्तर दिलंस. तुझ्या पुस्तिकेत मी लिहिलं, ‘संकल्पना स्पष्ट’.

पुढचं तुला सांगण्याची गरज नाही, पण मला ते लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. ते शिंपी आजोबा ऑपरेशननंतर अकरा दिवस तुझ्या वॉर्डात होते. तुझ्या गणवेशाची उसवलेली बाही त्यांनी खाटेवर बसून शिवून दिली होती. त्यांना दुखण्यावरचं इंजेक्शन चार मिलिग्रॅम लिहिलेलं होतं, आणि रोजच्या बाटलीतून तू दोन मिलिलिटर काढायचीस. त्या दुपारी बाटली नवी आली, पाचपट तीव्र. तू तेवढंच काढलंस. त्यांचा श्वास बदलल्याचं सगळ्यात आधी तुझ्याच कानाला कळलं, तूच धावलीस, डॉक्टरांना तूच ओढत आणलंस. उशीर झाला होता.

चौकशीच्या दिवशी शाळेतर्फे मला बोलावलं होतं, मी तिसऱ्या खुर्चीत होते. अध्यक्षांनी विचारलं, ‘लेबल वाचलं नव्हतं का?’ तू म्हणालीस, ‘वाचलं होतं. आकडा मोठा होता. मला वाटलं, या बाटलीत औषध जास्त आहे. पण मी तर नेहमीएवढंच काढलं होतं ना.’ समितीतल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने कागदावर ‘उडवाउडवीची उत्तरं’ असं लिहिलं, मला बसल्या जागेवरून दिसलं. पोरी, त्या खोलीत तुझं वाक्य एकट्या मला कळलं. तू उडवाउडवी करत नव्हतीस. तुझ्या मनात औषध म्हणजे डोळ्यांना दिसतं तेवढं पाणी होतं. वर्गात विचारलास तोच प्रश्न तू पुन्हा विचारत होतीस, आणि मी पुन्हा तो वाऱ्यावर सोडला.

तिथून मी थेट दादाकडे गेले. तो एका रिकाम्या घराच्या भिंती रंगवत होता. मी विचारलं, बादलीतला रंग छोट्या डब्यात काढला तर फिकट होतो का रे? तो हसला नाही. त्याने डब्यात थोडा रंग ओतला, एक पट्टा बादलीतून ओढला, एक डब्यातून. दोन्ही सारखेच निळे. मग पाणी घातलेल्या दुसऱ्या बादलीत तेवढाच ब्रश बुडवून तिसरा पट्टा ओढला, तो आभाळासारखा पुसट. ‘ब्रश तेवढाच, बादली वेगळी,’ तो म्हणाला, ‘बादली बघायची आधी.’ दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ‘कुणी विचारलं होतं का तुला हे?’ त्याने विचारलं. मी ‘हो’ म्हटलं आणि त्या रंगाच्या वासात जमिनीवर बसून रडले. त्याला वाटलं, मला चक्कर आली.

तू बहिणीकडे राहतेस आणि कोपऱ्यावरच्या लाँड्रीत कामाला जातेस, हे मला कळलं. मी दोनदा त्या रस्त्यावर येऊन गेले. काचेतून दिसलीस. चादरीचे कोपरे तू अजून वॉर्डात दुमडायचीस तसेच दुमडतेस. दोन्ही वेळा रस्ता न ओलांडताच परत फिरले. मागच्या महिन्यात मला शाळेची प्राचार्य केलं. हार घातला, फोटो काढले. ही बातमी दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावी.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. चौकशी समितीने माझ्याकडे लेखी जबाब मागितला होता की प्रशिक्षणात काही कमतरता राहिली होती का. मी लिहून दिलं, ‘नाही. उमेदवाराला हा विषय पूर्णपणे समजलेला होता.’ त्या एका कागदावर तुझी नोंदणी कायमची रद्द झाली, कारण समजत असून चूक केली म्हणजे तो निष्काळजीपणा ठरतो. तुला अपिलासाठी नव्वद दिवस होते. मी दुसरा जबाब लिहिला, खरा, त्यात ती तोंडी परीक्षाही आली. तो ऐंशीव्या दिवशी लिहून तयार होता, माझ्या पर्समध्ये. मी रोज पोस्टाच्या पेटीपर्यंत जायची आणि परत यायची. आज त्र्याण्णवावा दिवस आहे. धीर आला म्हणून लिहीत नाही, पोरी, मुदत संपली म्हणून लिहिते आहे. तो जबाब सोबत जोडला आहे, खाली माझी सही आहे. त्याने आता माझं काही वाकडं होणार नाही आणि तुझं काही सरळ होणार नाही. तरी तो तुझ्यापाशी असू दे. चूक तुझ्या एकटीची नव्हती, हे निदान एका कागदावर तरी लिहिलेलं असावं.

तुझीच,
बाई