घरच्यांचं धरायचं नाही

मंगळवार, १२ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

नमस्कार. तुम्ही सगळे बरे असाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. बाबांना उजव्या हातात चमचा धरता येतो का आता? दादा फोनवर "ठीक आहे"च्या पुढे जात नाही. गोळ्यांचा डबा तो कपाटात कुलपात ठेवतो, तुला हात लावू देत नाही, हे शेजारच्या काकूंकडून कळलं.

माझं बरं चाललंय. ऑफिसला वेळेवर जाते, जेवते, झोपही लागते. रडू मात्र येत नाही. दोन महिने आतून सगळं बधिर पडलंय.

माझं काम नेमकं काय, असं तू एकदा विचारलं होतंस आणि मी थट्टेवारी नेलं होतं. आम्ही गोळ्यांची आठवण करून देणारं ॲप बनवतो. मी म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाते, फोन त्यांच्या हातात देते आणि गप्प बसते. मदत करायची नाही. बोट कुठे अडतं, कपाळाला आठी कधी पडते, ते टिपून घ्यायचं. त्यावरून बटण कुठे असावं, केवढं असावं, हे ठरतं. एक नियम पक्का : घरच्यांचं धरायचं नाही. घरचे आपलं मन राखायला गोड बोलतात.

सुरुवातीला सराव म्हणून मी बाबांनाच बसवलं होतं. तू स्वयंपाकघरात होतीस. गजर वाजला. बाबांनी "घेतली" असं लिहिलेलं हिरवं बटण दाबलं. गोळी पाकिटातच.

"बाबा, गोळी?"

"आधी ही बोंब तर बंद होऊ दे. गोळी काय पळून जातेय? घेईन सावकाश."

मी पोट धरून हसले. शब्द न् शब्द लिहून घेतला आणि नियमाप्रमाणे ते पान बाजूला काढलं. पुढच्या सातही जणांनी माझ्यादेखत शहाण्यासारखी गोळी घेतली. अहवालात मी लिहिलं, बटण अजून मोठं करा.

मग ते ॲप मीच बाबांच्या फोनवर घातलं. मीच तुला म्हणाले, "आता त्यांच्या मागे लागू नकोस गं. तुझ्या फोनवर हिरवी खूण आली की समज, घेतली." त्याआधी तू रोज गोळी त्यांच्या हातावर ठेवून पाण्याचा पेला घेऊन उभी राहायचीस. माझ्या शब्दाखातर ते बंद केलंस.

बाबांना पक्षाघाताचा झटका आला त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या ना? दादानं घरून पाकिटं आणली, न फोडलेली. सगळ्यांसमोर मी तुला म्हणाले, "दिवसभर घरात असून तुला दिसलं नाही?" तू मान खाली घातलीस.

वहिनी, ते पान मला तेव्हाच आठवलं होतं. आधी आठवलं, मग मी बोलले.

काल मी ते ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. बटण बदलणार आहेत. त्यानं तुझं काही भरून निघत नाही.

हे पत्र दादाला मोठ्यानं वाचायला लाव, बाबांच्या खोलीत. त्यांना बोलता येत नसलं तरी ऐकू येतं. तू हयगय केली नाहीस, मी तुला थांबवलं, हे दोघांच्याही कानावर जाऊ दे. माफी पत्रातून मागत नाही. तू ये म्हणालीस तर येऊन तुझ्यासमोर उभी राहीन.

जाणूनबुजून तुझ्यावर आळ घेणारी,
तुझी धाकटी नणंद