बावीस भोकांचा फेटा

ती. मुरलीधरमामांना वेदांगचा साष्टांग नमस्कार (पोचला असं समजा, पुढचं नंतर कळेल).

गणपतीच्या सातव्या दिवशी, रात्री पावणेनऊच्या सुमारास, दुसऱ्या अंकात मी पिस्तूल उजव्या हाताच्या बोटावर तीनदा फिरवलं आणि तिथून माझं सगळं बदललं. पत्र प्रकृतीच्या चौकशीनं सुरू करायचं असते हे मला ठाऊक आहे, म्हणून मागं जाऊन विचारतो : डोकं आता कसं आहे? मामी म्हणतात, एकाएकी उठलं. सुंठ उगाळून लावा अन् पडून राहा. आमच्याकडे सर्व खुशाल. आईचे गुडघे आहेत तिथंच आहेत. बाबा खमरियाच्या फॅक्टरी क्वार्टरातून वेळेवर बस पकडतात, वेळेवर येतात आणि माझ्याशी फक्त हिंदीत बोलतात, म्हणजे मी कॉलेज सोडल्याचा राग अजून उतरला नाही. (मराठीत रागावले असते तर मीही काही बोललो असतो. हिंदीत ते फार शुद्ध बोलतात.)

तर पिस्तूल. आमच्या मंडळाच्या नाटकात मला इन्स्पेक्टरचं काम मिळालं होतं. मिळालं म्हणजे मी ते भांडून घेतलं, काहून की प्रॉम्प्टर म्हणून विंगेत स्वानंदी बसणार होती. ही महाराजपूरच्या बापूसाहेबांची मुलगी. बापूसाहेब म्हणजे तेच, ज्यांनी उभा जन्म फॅक्टरीत बंदुका तपासण्यात घालवला. तुमच्याच वेळचे, तुम्हाला आठवत असतील. स्वानंदीला मी आवडतो की नाही हे तेव्हा मला कळत नव्हतं आणि आज जास्तच कळत नाही, पण विंगेतून कोणी आपल्याकडे एकटक बघून राहिलं असलं की माणसाला बरं वाटते. (ती वहीत बघत होती, असं बंटीचं म्हणणं. बंटी म्हणजे गोहलपुरात ज्याच्यासोबत मी मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो तो. त्याला प्रेमातलं काही कळत नाही.) पिस्तूल दिवाळीचं, टिकल्यांचं, काळं प्लास्टिक. कसं धरायचं ते मी महिनाभर सिनेमे बघून शिकलो आणि कमी पडलं ते कार्टूनमधून घेतलं. विचार करताना नळीनं कानशील खाजवायचं. कोणाला दार दाखवायचं तर पिस्तुलानं दाखवायचं. बार काढला की नळीच्या तोंडावर फुंकर मारायची. आणि वाक्य विसरलं की बोटावर फिरवायचं. ही शेवटची करामत तर तुम्हीच शिकवलेली. मी सहा वर्षांचा असताना तुमच्या अंगणात, चमच्यावर.

दुसऱ्या अंकात मी वाक्य विसरलो. स्वानंदीनं दोनदा दिलं, पण तिचा आवाज ऐकला की मला वाक्यं जास्त विसरायला होते. मग मी पिस्तूल फिरवलं, एक, दोन, तीन, आणि झोकात प्रेक्षकांवर रोखलं. मामा, आमचे प्रेक्षक म्हणजे कोण? पहिल्या चार रांगा पेन्शनर, सगळे बंदुका-दारूगोळ्याच्या फॅक्टऱ्यांतून रिटायर झालेले. मी पिस्तूल डावीकडे नेलं तर ती आख्खी बाजू खुर्च्यांसकट उजवीकडे झुकली. उजवीकडे नेलं तर उजवी बाजू डावीकडे. वारा लागलेला गहू जसा. मला वाटलं, काय अभिनय होऊन राहिला आपला! म्हणून मी आणखी एकदा डावीकडून उजवीकडे नेलं. तेव्हा पहिल्या रांगेतून बापूसाहेब उठले आणि ओरडले, "नळी खाली!" मामा, चाळीस म्हातारी माणसं एकदम जमिनीवर बसली. आमच्या नाटकातला खुनीसुद्धा बसला (तो फॅक्टरीच्या पेंट शॉपचा आहे). उभा मी एकटा, आणि मंडपात गणपती.

पडदा पडला. नाटक पुढं झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी दुकानात उठून उभा राहिलो की पोरं खुर्चीवरून जमिनीवर बसायची. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे. कॉलेजातून निघालो तेव्हा दार असं आपटलं होतं की एचओडींची पाटी खाली पडली. मी पिस्तूल खिशात घातलं, महाराजपूर गाठलं, फाटक आपटलं आणि बापूसाहेबांना म्हटलं की हे साठ रुपयांचं प्लास्टिक आहे, ह्यातून टिकलीशिवाय काही निघत नाही, तुम्ही माझं नाटक काहून बुडवलं? आणि पुरावा म्हणून पिस्तूल काढून त्यांच्यासमोर धरलं. ते बाजूला सरकले. "वेदांगराव," ते म्हणाले, "नळी कुठं आहे?" मी बघितलं. नळी स्वयंपाकघराच्या दाराकडे होती आणि दारात स्वानंदी चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

प्लास्टिक होतं हे मला ठाऊक, त्यांना ठाऊक, तिला ठाऊक. तरी माझा हात आपोआप खाली आला. मग त्यांनी विचारलं, "ते बोटावर फिरवायचं कोणी शिकवलं?" मी अभिमानानं तुमचं नाव सांगितलं. ते माझ्याकडे चहा सरकवत म्हणाले, "रविवारी या."

तेव्हापासून चार रविवार झाले आणि मी तिथं कोण म्हणून जाऊन राहिलो हे मला समजलेलं नाही. होणारा जावई म्हणावं तर लग्नाचा शब्द नाही. शिष्य म्हणावं तर मला काही शिकायचं नव्हतं. आम्ही टीव्ही बघतो. त्यांच्याकडे एक वही आहे आणि कानावर पेन्सिल. हिरोनं पिस्तूल पँटीत खोचलं की ते सिनेमा थांबवतात आणि विचारतात, "आता नळी कुठं आहे?" मला उत्तर द्यावं लागते, स्वानंदीच्या आईसमोर. (ह्या घरानं तीस वर्षांत एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिलेला नाही. कोण खुनी होता हे विचारायला काकू शेजारी जातात.) कार्टूनमध्ये मांजर बंदुकीत डोळा घालून बघते, बार होतो, तोंड काळं होते आणि लगेच ते मांजर पुन्हा पळून राहिलेलं असते. मी हसलो. बापूसाहेबही हसले, ते काही कोरडे नाहीत. मग म्हणाले, "त्याला दर वेळी नवं तोंड मिळते. फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये आमच्याकडे तो आयटम नव्हता."

मामा, मी बिघडलो आहे. बंटीसोबत सिनेमाला गेलो तर हिरो गाण्यात हवेत बार काढत होता आणि मी मोठ्यानं म्हणालो, "ती गोळी खाली कुठं पडणार?" मागचा म्हणाला, "भैया, तुम्हारे ऊपर." दुकानात स्क्रू-ड्रायव्हर कोणाला द्यायचा तर मी मूठ पुढं करून देतो. स्वानंदी म्हणाली, "तू आता बाबांसारखाच होऊन राहिला," आणि आत निघून गेली. हे चांगलं की वाईट? मी तीन रात्री त्याच्यावर विचार केला. मामींना विचारून कळवावं.

गेल्या रविवारी मी सरळ विचारून टाकलं, मला स्वानंदीशी लग्न करायचं आहे. बापूसाहेब उठले, ट्रंक उघडली आणि एक केशरी फेटा आणला. त्यांच्या लग्नातला. वरातीत बँडपुढं कोणीतरी मुलीकडच्या मालगुजारांचं, म्हणजे जमीनदारांचं, रिव्हॉल्व्हर घेऊन सिनेमातल्यासारखं बोटावर फिरवलं होतं. गोळी एकच सुटली आणि फेट्यातून गेली, पण फेटा गुंडाळलेला; उलगडला तर बावीस भोकं. प्रत्येकाभोवती त्यांनी पेन्सिलनं गोल काढून नंबर टाकलेला आहे. मी फेटा डोक्यावर गुंडाळून बघितला, मामा. भोकं कपाळाच्या चार बोटं वर येतात. आत स्वानंदी भांडी लावत होती आणि मी त्या चार बोटांचा हिशेब करत बसलो. ती चार बोटं नसती तर ती भांडी कोणी लावत नसतं.

इथं पत्र संपवतो. मामींना नमस्कार, डोक्याची काळजी घ्या.

आपला,
वेदांग

ता. क. : ते "कोणीतरी" कोण, हे त्यांनी मला सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "तसं फिरवताना मी आयुष्यात दोनदाच पाहिलं. दुसऱ्यांदा तू." आता मला कळलं की चौतीस वर्षांपूर्वी जबलपूरचं पाणी तुम्हाला अचानक काहून मानवेनासं झालं.

ता. क. २ : त्यांना गोळीचा राग नाही. म्हणाले, "गोळी कोणाच्याही हातून सुटते. सुटल्यावर माणसानं जागेवर उभं राहायचं असते. मुरली पळाला, तो नागपूरपर्यंत." माझ्या लग्नाचं त्यांनी एवढंच सांगितलं : "मंगलाष्टकांना मुलाच्या मागं मामा उभा राहतो. माझ्या मुलीच्या समोर जो उभा राहणार, त्याच्या मागं कोण आहे ते मला आधी बघू दे." बस, एवढंच काम आहे. या आणि उभे राहा. बोलायचं काही नाही. मी बोललो तरी मला वाक्यं आठवत नाहीत.

ता. क. ३ : पत्रावर मी गाव लिहिलं नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. हे पत्र मी तुमच्याच बैठकीत बसून लिहून राहिलो. सकाळी मी पिशवी खाली ठेवली, त्यातून केशरी कोपरा दिसला आणि तुमचं डोकं उठलं, आतल्या खोलीचं दार लागलं. त्याला आता अडीच तास झाले. मामींनी दोनदा पोहे दिले. तुम्ही झोपलेले नाही, पंख्याचं बटण तुम्ही तीनदा फिरवलं ते मी ऐकलं. आधी मला फार राग आला होता, दार तोडावं असं वाटलं. मग वाटलं, चौतीस वर्षं हा माणूस त्याच खोलीत बसून आहे. आता रागावू की रडू ते कळत नाही. फेटा टेबलावर ठेवतो, भोकं मोजून घ्या. त्याखाली उद्या सकाळच्या गाडीचं तिकीट आहे, तुमचं. माझं माझ्याजवळ आहे. मी फलाटावर असेन. पोहे छान होते, मामींना सांगा. निघतो. आणि दार हळू लावून घेतो, आवाज होऊ देत नाही, तुम्ही दचकाल.