मैदानाबाहेरची खुर्ची

सर, आज तुमचा राग आलाय म्हणून लिहायला बसलोय. तुम्ही गेलात तेव्हा या शहराचं नावसुद्धा वेगळं होतं, म्हणजे राग तसा शिळाच म्हणायचा. पण सकाळी पेपर उघडला आणि तो पुन्हा ताजा झाला. आपली फुटबॉल टीम राज्याच्या वरच्या लीगमध्ये गेली. अर्ध्या पानाचा फोटो आहे, पोरांनी कोचला खांद्यावर घेतलंय आणि तो लाजून खाली बघतोय. बातमीभर त्याचंच नाव. शेवटच्या ओळीत 'क्लबची पायाभरणी करणारे दिवंगत सर' म्हणून तुम्ही आहात. मधला जो मी, त्याचा कुठं पत्ता नाही. ऑफिसच्या दारावर माझ्या नावाखाली 'स्पोर्टिंग डायरेक्टर' अशी पाटी आहे, ती रंगवणाऱ्यानं तरी नीट वाचली असेल, एवढीच आशा.

तुमच्या वेळी खेळाडू आणि कोच निवडणारं हे असलं पद नव्हतं. तुम्ही नुसते 'सर' होतात. शाळेत भूगोल शिकवायचात आणि संध्याकाळी कॉर्नरच्या झेंड्यामागं प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचात. चेंडूला धड लाथ मारता येत नव्हती तुम्हाला. एकदा बाहेर आलेला चेंडू परत मारायला गेलात आणि चप्पल आत गेली, चेंडू तिथंच राहिला. उन्हात घसा मी फोडायचो, गुडघे माझे गेले, आणि मॅच जिंकली की लोक हात पुढं करून यायचे ते मला ओलांडून तुमच्याकडं. "सर, काय टीम बनवलीत." मी कोच, घामानं निथळत बाजूला उभा. तुम्ही माझ्याकडं बोट करायचात, "ह्याला विचारा", पण ते अशा आवाजात की ऐकणाऱ्याला तुमचा मोठेपणाच जास्त दिसावा. निदान मला तसं वाटायचं. घरी जाऊन बायकोला म्हणायचो, बसून राहणाऱ्या माणसाचं नशीब बघ.

बसून तुम्ही काय करत होतात, ते मला फार उशिरा कळलं. आपली पोरं वीस-एकवीस वर्षांची झाली की खेळ सुटायचा, कारण वाळूजला कंपनीत लागायची आणि दुपारची पाळी मिळायची. दुपारची पाळी म्हणजे फुटबॉल संपला. तुम्ही शाळा सुटल्यावर रिक्षानं वाळूजला जाऊन सुपरवायझर लोकांच्या दारात उभे राहायचात. त्यातले निम्मे तुमचेच जुने विद्यार्थी. त्यांना म्हणायचात, नोकरी तू दिलीस ते बरं केलंस, आता पाळी सकाळची दे. त्या एका गोष्टीनं आपल्या टीमला पंचविशीतले, तिशीतले खेळाडू मिळाले, जे जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडंच नव्हते. मी समजत होतो की माझ्या ट्रेनिंगनं पोरं टिकतायत. बारा वर्षांखालची पोरंही मोठ्या टीमसारखंच छोटे पास देत खेळली पाहिजेत, हा हट्टही तुमचाच. लहानग्यांना लांब चेंडू मारायला शिकवलं म्हणून एका ट्रेनरला तुम्ही खुर्ची सोडून मैदानात येऊन थांबवलं होतं. तेवढ्या एकाच वेळी तुम्ही रेषेच्या आत आलेले मला आठवता.

आणि ते हरण्याचं वर्ष. आपण एकामागून एक मॅच घालवतोय, मी उस्मानपुऱ्यात तुमच्या स्वयंपाकघरात बसलोय. बाहेरच्या खोलीत तुमच्या शिकवणीची मुलं, म्हणून क्लबच्या सगळ्या बैठका ओट्याला टेकून. काकू भाकरी थापतायत. मी म्हणतोय, कोल्हापूरचे तीन तयार खेळाडू यायला राजी आहेत, आणा. तुम्ही लसूण सोलताय. मान वर न करता म्हणता, "तीन आले की आपली तीन पोरं बाकावर बसतील. बाकावर बसलेलं पोरगं पुढच्या वर्षी दिसत नाही. मग तू मला आणखी तीन आणायला सांगशील." मी आवाज चढवला, म्हणालो, मग मलाच बदला. तेव्हा तुम्ही वर पाहिलंत आणि म्हणालात, "तुला बदलायचं असतं तर मी तुला भाकरी खायला बोलावलं नसतं. पण टीम माझ्या नावानं हरतेय की तुझ्या, एवढाच विचार तू करतोयस. तेवढा सोड." काकूंनी भाकरी ताटात टाकली आणि मी ती खाल्ली. पुढच्या वर्षी आपण जिल्हा जिंकलो. तुमचं म्हणणं खरं ठरलं याचा आनंद व्हायला हवा होता. मला झाला नाही.

मामाची गोष्ट आठवली की मात्र मी आजही एकटा हसतो. गोलकीपर बारा वर्षांचा असतानाच निवडायचा आणि त्यासाठी पोराचा मामा बघायचा, ही तुमची पद्धत. पोरगं मामावर जातं, असा तुमचा ठाम सिद्धांत. आपल्याला एक चपळ पोरगं सापडलं, त्याच्या आईला तुम्ही विचारलंत मामा कुठं असतो, ती म्हणाली कन्नडला, जीप चालवतो. आपण दोघं एसटीनं कन्नडला. बाजाराचा दिवस, स्टँडबाहेर जीपला टेकून मामा उभा, दरवाजाच्या चौकटीत मावणार नाही एवढा. त्याच्या पंजांकडं बघून तुम्ही मला कोपरानं ढोसलंत. त्यानं आपल्याला चहा पाजला आणि परतीच्या वाटेवर तुम्ही पुढच्या दहा वर्षांचा गोल सुरक्षित करून टाकलात. पोरगं सोळाचं झालं तरी माझ्या खांद्याला लागेना. शेवटी तुम्ही त्याच्या आईला गाठलंत. ती माउली शांतपणे म्हणाली, "सख्खा नाय ओ सर. मानलेला भाऊ हाय. राखी बांधते म्या त्याला. तुमी मामा कुठं हाय इचारलं, म्या सांगितलं. सख्खा का, हे कोण इचारतंय?"

मी रस्त्यात बसून हसलो. तुम्हीही हसलात, पण थोडंच. मी म्हणालो, आता याला मोकळं करू. तुम्ही म्हणालात, "चूक माझी झाली, त्याची उंची नाही चुकली. चार वर्षं गोलमध्ये उभं राहून त्यानं सगळं मैदान समोरून बघितलंय. ते तू आणि मी नाही बघितलेलं." आणि त्याला तुम्ही लहानग्यांच्या ट्रेनिंगला लावलंत. मला वाटलं, दया केली. आपल्याकडं प्रत्येक जागेमागं एक दुसरा माणूस तयार ठेवायचा हे मला माहीत होतं, लेफ्ट बॅकमागं कोण, स्ट्रायकरमागं कोण, हे मी झोपेतही सांगितलं असतं. माझ्यामागं कोण, हे मी कधी विचारलं नाही. एका संध्याकाळी तो ठेंगणा मुलगा तुमच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसून माझं ट्रेनिंग बघत होता, तुम्ही त्याला हळू आवाजात काही दाखवत होतात, आणि मला लख्ख कळलं. माझ्या देखत माझी जागा भरली जात होती. त्या दिवसापासून तुम्ही मला आवडेनासे झालात, सर. तुम्ही आजारी पडलात तेव्हा मी दवाखान्यात रोज येत होतो, तुमच्या उशाशी तो आधीच बसलेला असायचा, आणि मला तेही सहन व्हायचं नाही.

तुमच्यानंतर काही वर्षांनी कमिटीनं मला तुमच्या जागी बसवलं आणि त्या ठेंगण्या मुलाला कोच केलं. मी मनात म्हटलं, चला, आता लोक माझ्याकडं हात पुढं करून येतील. तर कसचं काय. आता लोक मला ओलांडून कोचकडं जातात. काळ बदलला म्हणतात, आता सगळ्यांना कोच हवा असतो, मोबाइलवर त्याचेच व्हिडिओ फिरतात. मी मैदानात होतो तेव्हा खुर्चीचा मान होता, मी खुर्चीत आलो तर मैदानाचा. त्याचा हेवा करताना मला तुमची फार आठवण येते. तुम्हाला माझा हेवा कधीच वाटला नाही का? पोरं मला खांद्यावर घेऊन नाचायची तेव्हा तुम्ही चहाच्या टपरीकडं निघून जायचात, ते कशासाठी? हे मला खरंच कळायला हवंय. वाटत असेल आणि तुम्ही गिळत असाल, तर मलाही प्रयत्न करता येईल. मुळात वाटतच नसेल, तर मी या खुर्चीचा माणूस नाही.

कारण काल तो माझ्याकडं आला होता. दारात उभा, बस म्हटल्यावर बसला. म्हणाला, "सर, पुण्याच्या क्लबाकडून फोन आलता. कोच म्हणून बोलावतेत. तुम्ही म्हणताल तसं." माझ्या पोटात जो आनंद झाला तो तुम्हाला सांगायलाही लाज वाटते. जाऊ दे याला. लोक म्हणतील, केवढं मन, एवढा कोच हसत हसत दिला. आणि लगेच दुसरा विचार आला की हा गेला तर टीम कोण सांभाळणार? त्याच्यामागं मी कुणालाच तयार केलेलं नाही. नवा कुणी दिसला की मला वाटायचं, यालाही लोक डोक्यावर घेतील. वरच्या लीगमध्ये कोचशिवाय उतरलो तर एका वर्षात खाली येऊ, आणि मग सकाळच्या पाळीसाठी सुपरवायझरच्या दारात तुम्ही झिजवलेल्या चपला फुकट जातील. मी त्याला म्हणालो, "तू गेलास तर तुझ्या जागी कोण, हा प्रश्न आहे." तो म्हणाला, "ते काय टेन्शन नाय सर. ती चौदा वर्षांखालच्यांना शिकवते ना मॅडम, तिला मी दोन वर्षांपासून तयार करायलोय. मॅच कधी बदलायची ते तिला माझ्याआधी कळतंय." मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं होतं तयार करायला?" तो गोंधळला. "कुणी नाय. आपल्यात असंच करतेत ना?"

म्हणजे तुम्ही माझ्या मागं ज्याला तयार केलं होतं तो कोच नव्हताच, सर. तो तुमच्या खुर्चीसाठी होता, आणि मी मधल्या काळात ती अडवून बसलोय. हे तुम्हाला ठाऊक होतं की हीसुद्धा मानलेल्या मामासारखी नशिबानं जमून गेलेली चूक, ते आता कोण सांगणार?

उद्या त्याला सांगणार आहे की पुण्याला जाऊ नको, माझी खुर्ची घे, टीम त्या मॅडमकडं दे, आणि मला बारा वर्षांखालची पोरं दे. गुडघे गेले असले तरी घसा शाबूत आहे. कमिटीलाही पटेल. सगळे म्हणतील, मन मोठं आहे याचं. कागद मी फाडणारच आहे, तेव्हा तुम्हाला म्हणून खरं सांगतो. मला त्याला एकदा त्या खुर्चीत बसलेलं बघायचंय. टीम जिंकेल, मॅडमचा फोटो अर्ध्या पानात येईल, लोक त्याला ओलांडून तिच्याकडं धावतील, तेव्हा मी त्याच्या तोंडाकडं बघणार आहे. एवढ्यासाठीच खुर्ची देतोय. आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही, तो उठून निवांत चहाच्या टपरीकडं चालायला लागला, तर मी काय करेन, ते मला माहीत नाही.